पंचफुलाबाई आणि पेजेची परीक्षा

आमच्या शेडमध्ये दोनच माणसं पांढरा कोट घालायची. एक आमचे साहेब, कारण कारखाना त्यांचा होता. दुसऱ्या पंचफुलाबाई रामटेके, कारण घालू नका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांचा कोट खुंटीवर असायचा आणि पाहुणे आले की अंगावर चढायचा. पंचफुलाबाई मात्र घरून निघतानाच लुगड्यावर कोट चढवून यायच्या. रस्त्यात कोणी "नमस्कार सिस्टर" म्हटलं तर मान हलवून तो नमस्कार स्वीकारायच्या. एकदा भाजीबाजारात एका म्हातारीने त्यांच्यापुढे सुजलेला गुडघा केला. बाईंनी तो दाबून पाहिला आणि "तेल लाव" म्हणून सांगून टाकलं. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "यात खोटं काय सांगतलं मी? तेल तं मशीनीलेबी लागते."

गडचिरोली तेव्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला टेबलखुर्चीपासून आरोग्यकेंद्रापर्यंत सगळंच नवं हवं होतं. त्या धांदलीत आमच्या साहेबांना सरकारी ऑर्डर मिळाली आणि चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सक्शन मशीन तयार होऊ लागल्या. जन्मलेल्या बाळाच्या नाकातोंडात चिकटा अडकला की त्याला श्वास घेता येत नाही, रडता येत नाही. तो चिकटा ओढून काढायचं हे यंत्र. एक मोटर, एक पंप, दोन काचेच्या बाटल्या, एक लांब रबरी नळी आणि ओढ किती आहे ते दाखवणारा काटा. हे सगळं चाकांच्या गाड्यावर बसवून, तारा जोडून, चालवून पाहण्याचं काम पंचफुलाबाईंचं. माझ्याकडे स्टोअर होतं. सामान द्यायचं आणि उरलेलं परत घ्यायचं. पंचफुलाबाईंकडून उरलेलं काही परत येत नसे, त्यामुळे आमची ओळख भांडणातूनच झाली.

त्याआधी आरमोरीकडच्या आपल्या गावात त्या विड्या वळायच्या. नवरा वीजकेंद्राच्या बांधकामावर लागला म्हणून चंद्रपूरला आल्या. मशीनच्या आतल्या तारा एकत्र बांधायला साहेबांनी मुंबईहून प्लास्टिकच्या पट्ट्या मागवल्या होत्या. बाईंनी पहिल्याच दिवशी एक पट्टी ओढून पाहिली, ती तुटली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून विडीच्या दोऱ्याची गुंडी काढली आणि विडीला मारतात तीच गाठ तारांना मारून मोकळ्या झाल्या. पुढे सगळ्याच मशीनना ती गाठ बसू लागली. नागपूरहून आलेल्या तपासनिसाने झाकण उघडून विचारलं, ही बांधणीची कोणती पद्धत? साहेब म्हणाले, "जपानी." तपासनिसाने ते लिहून घेतलं. पंचफुलाबाई त्या दिवसापासून स्वतःला जपानी म्हणवून घेऊ लागल्या, आणि कोणी कामात चूक काढली की म्हणायच्या, "तुमाले नाई समजनार, हे जपानी हाय."

काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. नळीचं तोंड त्या स्वतःच्या दंडाला लावायच्या, मोटर सुरू करायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. कातडी आत ओढली गेली, चांगला लालभडक वाटोळा डाग उमटला, की मशीन पास. "काटा तं झूट बोलते, दंड नाई बोलत." खरं सांगायचं तर दंडही झूट बोलायचा. काटा नापास म्हणत असताना बाईंनी पास केलेली मशीन पुन्हा उघडली की काटाच बरोबर निघायचा, आणि बाई काट्याकडे असं पाहायच्या की त्याने चहाडी केली आहे. त्या वाटोळ्या डागांमुळे त्यांच्या वस्तीतल्या बायकांना त्यांना गजकर्ण झालं आहे असं वाटायचं, आणि नळावर त्यांच्यासाठी आपोआप जागा व्हायची. बाईंनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. पाणी लवकर भरून व्हायचं.

दंडानंतर यायची पेज. परीक्षा पाण्यावर घ्यावी असं सरकारी नियमात होतं. एक बादली पाणी, नळी आत, बाटली भरली की झालं. पंचफुलाबाईंना ते पटत नसे. त्या घरून तांदळाची घट्ट पेज गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, भरून आणायच्या आणि मशीनला ती ओढायला लावायच्या. पाणी एका दमात वर चढायचं. पेज नळीत अडायची, थांबायची, मोटर कुरकुरायची. बाई तिच्यावर ओरडायच्या, "वढ! वढ ना वं! भात नाई तो, पेज हाय!" गंजात उरलेली पेज मीठ टाकून त्या दुपारी प्यायच्या. मलाही द्यायच्या. मी बाटलीकडे संशयाने पाहिलं की म्हणायच्या, "बाटलीतली नाई वं, गंजातली हाय."

साहेब वैतागले. पाण्याने जे काम चहा निवेपर्यंत व्हायचं, त्याला पेजेने अर्धी दुपार जायची, शिवाय नळ्या धुवाव्या लागायच्या. शेवटी दोघांनीही न बोलता तोडगा काढला. साहेब शेडमध्ये असले की पाणी, साहेब बाहेर गेले की पेज. साहेबांना हे माहीत होतं, म्हणून ते रोज दुपारी न चुकता बाहेर जायचे.

पेजच का, हे मी त्यांना एकदा डबा खाताना विचारलं. त्यांनी हातातला घास तसाच धरला आणि सांगितलं, "माह्यं पहिलं पोट्टं रडलंच नाई. माही माय सुईन होती गावची. तिनं तोंडानं वढलं अन् थुकलं, वढलं अन् थुकलं. पेजीसारखं घट्ट होतं म्हने. मी पडल्या पडल्या पाहून राह्यली होती. सगळ्या गावची पोट्टी तिनं रडवली, माह्यंच नाई रडलं." मग लगेच म्हणाल्या, "तुह्या डब्यात काय हाय आज? वांगं?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी वांग्यात मिरची फार झाल्याचं सांगितलं. त्यांनी माझं वांगं खाऊन पाहिलं आणि मिरची मुळीच नसल्याचा निकाल दिला.

दसऱ्याला साहेब मशीनची पूजा करायचे. हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ. पंचफुलाबाई बौद्ध. त्या हात बांधून दाराशी उभ्या राहायच्या आणि पूजा झाली की स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक स्विच पुसत सुटायच्या. एका वर्षी स्विचमध्ये गेलेल्या हळदीकुंकवाने खरोखरच ठिणगी उडाली होती, तेव्हापासून त्यांचा आवाज चढला होता. "आमच्या घरी देवाची पूजा बंद झाली, अन् इथी मोटरची चालू हाय." पण पॅकिंगला जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पत्र्यावर त्या स्वतः थाप मारायच्या आणि वाकून हळूच म्हणायच्या, "नीट वढजो वं माय, लाज नको आनू." मी म्हटलं, ही पूजाच झाली की. त्यावर त्या भडकल्या. "पूजा नाई ते. समजावून सांगनं हाय."

एवढं सगळं करून पंचफुलाबाईंनी आपली मशीन बाळावर चालताना कधीच पाहिली नव्हती. मशीन पोचवायला आणि दाखवायला मनोहर जायचा. तो आमचा सर्व्हिसिंगचा माणूस, चापूनचोपून भांग पाडणारा आणि कमी बोलणारा. तो परत आला की बाई हातातलं काम टाकून विचारायच्या, "चालली का?"

"चालली."

"कोनावर चालली?"

"डॉक्टर साहेबांसमोर चालली ना."

"डॉक्टराले काय चिकटा झाला होता का? पोट्टं रडवलं का तिनं एखांदं?"

मनोहर खांदे उडवायचा. बाईंना तेवढंच हवं होतं. एक बाळ, जे रडत नव्हतं आणि त्यांच्या मशीनने रडलं. तसं एक जरी कानांवर आलं असतं तरी त्या शेड डोक्यावर घेऊन नाचल्या असत्या. साहेबांकडे त्यांनी किती तरी वेळा म्हटलं, मलेबी पाठवा. साहेब म्हणायचे, तुम्ही डॉक्टरांशी भांडाल. हे खरं होतं.

मग तो मार्च आला. मार्चअखेर माल पोचला नाही तर ऑर्डर जाणार, म्हणून सगळे घाईत. त्यात रॉकेल मिळेना, स्टोव्ह बंद, नळ्या धुवायला गरम पाणी नाही. पाण्यावर परीक्षा घ्या म्हणून साहेबांनी हात जोडले. बाईंनी पेजेवरच घेतली आणि नळ्या गार पाण्याने धुतल्या. माल वेळेवर गडचिरोलीच्या सरकारी भांडारात पोचला आणि तिथल्या उन्हाळ्यात खोक्यांमध्ये पडून राहिला. खोकी उघडली तेव्हा समोर भांडाराचे मोठे साहेब, आरोग्यकेंद्रांचे डॉक्टर आणि दाखवायला आमचा मनोहर. त्याने ऐटीत स्विच दाबला. नळीतून आंबट वास सुटला आणि मुंग्या सुरू झाल्या. पेजेचा वाळलेला थर खायला शिरलेल्या त्या काळ्या मुंग्या मशीनने एका रांगेत ओढून, सगळ्यांच्या देखत, काचेच्या बाटलीत आणून टाकल्या. दुसरी मशीन लावली, त्यातही तेच. मोठ्या साहेबांनी विचारलं म्हणे, "हे औषध आहे, की कंपनीची भेट?" सगळा माल नापास झाला आणि आरोग्यकेंद्रांना कळवलं गेलं, की या कंपनीच्या मशीनमध्ये मुंग्या आढळल्या आहेत.

मनोहरने हे सांगितलं तेव्हा बाईंचं पहिलं वाक्य होतं, "मुंग्या वढल्या ना तिनं? मंग वढते ना ते." मला हसू फुटलं. साहेबांना नाही. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला, "बाई, ती नळी लहान लेकराच्या नाकात जायची होती!"

पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी कोट काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. त्यांना एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मशीन तिथेच जाऊन साफ करून द्याव्या, मग पाहू, असं भांडाराने कळवलं. मनोहरला ऐन वेळी पोटदुखी झाली, आणि ती कोणालाही समजण्यासारखी होती. साहेबांना तोंड दाखवायचं नव्हतं. राहिल्या बाई, आणि कागदांवर सह्या घ्यायला मी. अशा रीतीने ज्या कामासाठी त्यांना इतकी वर्षं पाठवलं नाही त्या कामावर, त्या कामाची वाट लागल्यावर, पंचफुलाबाईंची नेमणूक झाली. एसटीत वैनगंगेच्या पुलावरून जातानाही त्या बाहेर पाहत नव्हत्या. पिशवीत नव्या नळ्या होत्या, त्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

भांडाराच्या व्हरांड्यात त्यांनी चूल मांडली, बाटल्या उकळल्या, नळ्या बदलल्या, पंप खोलून पुसले. संध्याकाळी मोठे साहेब आले आणि विचारलं, ही चूक झाली कुणाची? मी कंपनीच्या वतीने काहीतरी गोल गोल बोलायला तोंड उघडलं होतं. बाई म्हणाल्या, "माह्या हातानं झाली जी. पेज वापरली मी. आता पान्यावरच घेईन." मोठे साहेब त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्या कार्यालयात चूक अशी थेट एका माणसाची असते हे बहुधा त्यांना नवीन होतं. मुक्कामानंतर सकाळी त्यांनी मशीन काट्यावर आणि पाण्यावर तपासल्या आणि सही दिली.

परत निघताना बाई म्हणाल्या, "माह्या गावची मशीन पाहून जाऊ. मांगच्या साली गेली ना एक, मीच थाप मारली होती तिले." मी नको म्हणण्यात अर्थ नव्हता. आम्ही आरमोरीची गाडी धरली.

गावाच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर मीटिंगला गेले होते. कंपाउंडर होता, आणि एक तरुण सिस्टर. मशीन कुठे आहे विचारल्यावर कंपाउंडरने अभिमानाने कुलूपबंद लोखंडी अलमारी उघडली. आत आमची मशीन, कारखान्यातल्याच प्लास्टिकमध्ये पुन्हा गुंडाळून ठेवलेली, वर झेंडूचा वाळलेला हार.

"जपून ठेवली जी," तो म्हणाला. "खराब झाली तं जिम्मेदारी कोनाची?"

"चालवली नाई का कधी?"

"चालवली ना! मोठे साहेब आले होते तव्हा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

पंचफुलाबाई सिस्टरकडे वळल्या. "अन् पोट्टं नाई रडलं तं काय करता?"

सिस्टरने खिशातून बारीक रबरी नळी काढून दाखवली. एक टोक बाळाच्या तोंडात, एक आपल्या. "तोंडानं ओढतो मावशी. दुसरं काय करनार?"

बाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माह्या मायच्या तोंडावून तुह्या तोंडावर आलं," त्या म्हणाल्या. "मधात मी कुठी हाओ मंग?"

मला वाटलं, आता त्या बसतील. त्या बसल्या नाहीत. कंपाउंडरकडे पाहून त्यांनी एकदम शेडमधला आवाज काढला. "मुंग्यांचा कागद आला ना तुमाले?" आला होता. "मंग? बंद अलमारीत ठेवली का मुंग्या होते. ही मशीन उघड्यावर ठेवा लागते, बाळंतपनाच्या टेबलाजवळ. अन् रोज चालवा लागते. नाई तं उद्या तुमच्या नावानं कागद येईन." कंपनीच्या इतिहासात एवढं सफाईदार खोटं कोणी बोललं नसेल. कंपाउंडरने हार काढला, प्लास्टिक फाडलं आणि गाडा स्वतः ढकलत आत नेला. बाईंनी नळी बदलली, मोटर चालवली, काटा पाहिला. काटा! मग सिस्टरला बोट कुठे ठेवायचं, किती वेळ ओढायचं ते समजावलं. वीज होती, हे त्या दिवशीचं नशीब.

पुढच्याच महिन्यात माझं लग्न होऊन मी वर्ध्याला गेले, त्यामुळे पंचफुलाबाई माझ्यासाठी कायमच्या त्या संध्याकाळच्या राहिल्या आहेत. चंद्रपूरकडे जाणारी शेवटची गाडी यायची होती. आम्ही केंद्राच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तेवढ्यात एक बैलबंडी आली. आत पोरगेलीशी बाळंतीण, सोबत सासू. सिस्टरने तिला आत नेलं. पंचफुलाबाई उठून खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. आतून मोटरचा आवाज सुरू झाला. सिस्टरने तयारीसाठी मशीन आधीच चालू करून ठेवली होती. बाईंचे ओठ हलत होते. त्या कोणाला समजावत होत्या, मशीनला की आतल्या बाळाला, ते मला कळलं नाही. मीही उठून उभी राहिले. मला भीती वाटत होती.

मग मोटरच्या आवाजावर चढून एक रडणं आलं. खणखणीत, चिडलेलं, थांबायचं नाव न घेणारं.

सिस्टर दारात आली. घामाघूम, हसत. "मावशी, मशीनची गरजच नाई पडली. बाहेर आलं तेच बोंबलत आलं."

पंचफुलाबाईंचा चेहरा पडला. खरोखर पडला, मी पाहिला. "असं कसं?" त्या म्हणाल्या. "लावलीच हाय तं थोडंसं वढून घ्या ना."

"काय ओढू? एवढ्या जोरानं रडून राह्यलं ते."

"नावापुरतं वं माय."

"काही नाई तिथी ओढाले. या, तुमची मशीन बंद करा आता."

बाई आत गेल्या. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला, म्हणून त्यांना बोलवायला मी दाराशी गेले. मशीन रिकामीच चालत होती, नळी बाजूला लोंबत होती, बाटल्या कोरड्या. पंचफुलाबाईंचा हात स्विचवर होता, पण त्यांनी तो दाबला नव्हता. सिस्टरच्या हातात ते लालबुंद पोर तोंड वासून ओरडत होतं. बाई त्या उघड्या तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या ते पुसतही नव्हत्या.

"चला, गाडी आली," मी म्हटलं.

"जाऊ दे तिले," त्या वळूनही न पाहता म्हणाल्या. "थांब जराशी. रडून राह्यलं ना ते. आयकू दे मले."

भोंगा पुन्हा वाजला. मी बाहेर आले आणि कंडक्टरला हातानेच जा म्हणून सांगितलं.